बेकरीवाल्याचं वाटीभर तूप

हसू नका गो, पण माझ्या बिस्किटांचं ऐका. लेकीला गहू सोसत नाय आणि दूधतूप तिनं सोडलेलं. ती दिवाळीला येणार म्हणून मी नाचणीचं पीठ गूळ आणि खोबऱ्याच्या तेलात मळलं, मुरबाडच्या बेकरीत भाजायला दिलं.

संध्याकाळी आणायला गेले, तर बेकरीवाला खूश. “काकू, तूप विसरलात ना? मीच घातलं, चांगलं वाटीभर!”

आता परत सगळं मळा, म्हणून तणतणत घरी आले, तर लेकीचा फोन. “आई, रजा नाय मिळाली.”

मग रोज चहाबरोबर एकटीच खात बसले. खुसखुशीत झाली होती मेली.

दिवाळीनंतर बेकरीवाल्यानं विचारलं, “लेकीला आवडली का?”

म्हटलं, “एकसुद्धा उरलं नाय.”