कॉलेजचा ठराव

(मंगरूळपीर, १९३७ सालचा जून, सकाळ. जमशेद नालबंदाच्या दुकानापुढं बैल पाय बांधून आडवा पाडलाय. आसेगावचे उकंडराव पाटील दोरी धरून बसलेत.)

उकंडराव : अन् बोलून काहून नाही राह्यला तू? बैल पाडल्यापासून तोंडातून शब्द नाही.

जमशेद : तोंडात खिळे आहेत, पाटील.

उकंडराव : खिळे तं दरसाली राह्यते. दरसाली तू त्यातूनच बडबड करते.

जमशेद : दोरी ढिली नका सोडू. लाथ मारन तो... काल तुमच्या तालुका बोर्डाची मिटिंग झाली म्हने.

उकंडराव : झाली.

जमशेद : तालुक्यातल्या मॅट्रिक पास झालेल्या एका पोराले बोर्डानं अमरावतीच्या कॉलेजची फी द्याची, दरसाली एकाले, असा ठराव होता म्हनते.

उकंडराव : होता. एका मतानं पडला.

जमशेद : ते एक मत तुमचं.

उकंडराव : माहं. मी लपवत नाही. तुले कोनं सांगतलं?

जमशेद : बोर्डाचा चपराशी समोर चहा प्याले येते. पाटील, माहा फय्याज पास झाला यंदा. वाशीमच्या हायस्कुलात गनितात पयला आला. मास्तरनं त्याचंच नाव धाडलं होतं.

उकंडराव : फय्याजचं? मले काय ठाऊक! ठरावात कोनाचं नावच नव्हतं.

जमशेद : नाव असतं तं हात वर केला असता?

उकंडराव : केला असता. वीस साल झाले, माहे बैल तुह्या हाताखालून जाते.

जमशेद : मंग नाव नव्हतं तेच बरं झालं.

उकंडराव : हे काय बोलनं झालं? ऐकून तं घे माहं. आमच्याकडच्या चार गावांत चौथीच्या पुढं शाळा नाही. शेतसाऱ्यावर बोर्डाची पट्टी भरते कोन? त्याच गावचे लोक. त्याहीच्या पोरायले पाचवी नाही, अन् त्याहीच्या पैशानं एक पोरगं अमरावतीले बूट घालून फिरन. हा इन्साफ आहे?

जमशेद : पाचवी मांगा ना. मी कोन नाही म्हननारा? पन काल बोर्डात तुमी पाचवीही नाही मांगितली. नुसता हात खाली ठेवला.

उकंडराव : (दोरी आवळतात.)

जमशेद : दुसरा पाय घेतो आता. धरा.

उकंडराव : तुले मारोतराव आठवते? माहा मोठा भाऊ.

जमशेद : एकडाव पाह्यलं त्याहीले. काळी टोपी होती.

उकंडराव : तो हुशार होता. बापानं म्हटलं, एकाले शिकवू, एक नांगर धरन. मी चौथीतून निंगालो. रडलो नाही. भाऊ पुन्याले शिकला, मोठा वकील झाला. माय गेली तवा तार केली त्याले. तेरवीलेही नाही आला. मनीऑर्डर आली. पोस्टमनसमोर अंगठा नाही उठवला, सही केली म्या. तेवढी चौथी कामी आली... कॉलेजात गेलेलं पोरगं गावाचं राहत नाही, जमशेद. म्हनून हात नाही उठला.

जमशेद : एक बोलू? राग नका धरू.

उकंडराव : बोल.

जमशेद : तवा सरकारनं तुमच्या भावाची फी देली असती, तं तुमाले चौथीतून निंगा लागलं नसतं.

उकंडराव : ...हे मले कोनी म्हटलं नाही आजवर.

जमशेद : घरानं एकाले शिकवाचं म्हटलं की दुसऱ्याच्या हातातून पाटी सुटते. माह्याही घरी तेच. फय्याज वाशीमले शिकला, तं त्याची बहीन सुगरा माह्या घरी बिड्या वळत बसली.

उकंडराव : असं कर. फय्याजची फी मी देतो. बोर्ड नाही, काही नाही. चार सालची. परत नको मले.

जमशेद : अल्ला तुमाले बरकत देवो. पन नको.

उकंडराव : काहून? माहा पैसा खोटा आहे?

जमशेद : पैसा खरा, तुमीही खरे. माह्या बापाले एका शेठनं ही दुकानाची जागा देली होती. बाप मरून गेला, तरी मी त्या शेठच्या घोड्याले फुकट नाल ठोकत होतो. त्यानं कधी मांगितलं नाही. पन तो दिसला की माही मान आपोआप खाली जाये. उद्या फय्याज कचेरीत बसला, अन् तुमच्या विरुद्ध कागद लिहाचा आला, तं त्याची लेखनी अडन. बोर्डानं देलं तं त्याले कोनाले सलाम कराचा नाही.

उकंडराव : हे तू ठरवते. पोराले विचारलं?

जमशेद : विचारा तुमी. तो पाहा येऊन राह्यला... फय्याज, इकडं ये. पाटीलसाहेब काय म्हनते ते ऐक.

फय्याज : सलाम, काका. अब्बा, जिनिंगवाले मुनीम भेटले. सोमवारपासून या म्हणाले. कापसाच्या गाठी मोजायचं काम आहे.

उकंडराव : ते राहू दे. तुही कॉलेजची फी मी द्याले तयार आहे. तुहा बाप नाही म्हनते. तू काय म्हनते?

फय्याज : घ्यावी वाटते. खोटं कशाला सांगू?

उकंडराव : पाह्य! पोरगं खरं बोललं. शिकनार काय तू? वकिली?

फय्याज : नाही. गणित.

उकंडराव : अन् त्याचं काय करनार?

फय्याज : ते अजून ठाऊक नाही, काका. मास्तर म्हणाले, इथवर आम्हाला येतं, याच्या पुढचं आम्हीही पाहिलं नाही. मला तेवढं पुढचं पाहायचं होतं.

उकंडराव : मंग घे म्हनतो ना मी!

फय्याज : पण सेवादासला कोण देणार?

उकंडराव : कोन सेवादास?

फय्याज : शिरपूरकडच्या बंजारा तांड्यावरचा, खेमा नाईकाचा मुलगा. पुढल्या साली मॅट्रिकला बसतो. त्याच्या बापाला तुम्ही ओळखत नाही, अन् तुमच्या बैलांना त्याचा बाप नाल ठोकत नाही. मला मिळतं ते अब्बांच्या ओळखीनं. त्याची ओळख कोणाशीच नाही.

जमशेद : हे मले नव्हतं सुचलं, पाटील.

उकंडराव : ...बोर्ड पुन्हा बसते श्रावनात. तवा ठराव पुन्हा ठेवता येईन. म्या पाडला, तं म्याच ठेवला पाह्यजे. पन कॉलेज तं पंधरा दिवसांत उघडते. तुहं साल जाईन, फय्याज.

फय्याज : जाईल. जिनिंगमध्ये राहीन तोवर.

उकंडराव : अन् पुढल्या साली तू अन् तो सेवादास, दोघंही अर्ज करान. बोर्ड देईन एकालेच.

फय्याज : ज्याचे मार्क जास्त, त्याला.

उकंडराव : अन् त्याले जास्त पडले तं?

फय्याज : पडतीलही. दर रविवारी येतो तो माझ्याकडं. गणित मीच शिकवतो त्याला.

उकंडराव : तं शिकवनं बंद करशीन आता?

फय्याज : नाही. येत्या रविवारी भूमिती घेणार आहे.

जमशेद : दोरी सोडा, पाटील. झाले चारी पाय. उभा राहू द्या त्याले.

उकंडराव : राहू दे थोडा वेळ. फय्याज, दुकानात कागद आहे?

फय्याज : आहे. काय लिहायचं?

उकंडराव : ठराव. मले सही येते, बाकी शब्द तू घाल. चार गावांत पाचवी पाह्यजे, हे पयले लिही. मंग कॉलेजचं. तेच जुनं, मॅट्रिक पास झालेल्या, तालुक्यातल्या...

फय्याज : "...एका विद्यार्थ्यास दरसाल."

उकंडराव : एका नको लिहू. दोघायले लिही.