गॅस उतरल्याची सही

मी मूळचा कोरेगावच्या अंगाचा, सातारा जिल्हा. वडील इथं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, आन् आमी गावाला आईसंगट. वडिलांचं एकच म्हणणं, पोरगं शेतकी कॉलेजात गेलं पाहिजे, तालुक्याचा कृषी अधिकारी झालं पाहिजे, जीपमधनं उतरलं पाहिजे. जीपमधनं उतरलं पाहिजे, हे ते मार्केटात ज्याला त्याला सांगत फिरायचे. आता काय सांगू तुमाला, जीप काय आपल्या नशिबात नव्हती.

पण कॉलेज लई झकास. मला कीटकशास्त्राची गोडी लागली, सकाळी जाळी घेऊन बांधाबांधानं हिंडायचं, भुंगे धरायचे, टाचणीनं पेटीत टोचायचे, खाली नाव लिहायचं. आमचे सर म्हणायचे, मारायच्या आधी ओळखायला शिका रे. माझी पेटी कॉलेजनं ठेवून घेतली, अजून असंल तिथं. मग डिग्री झाली आन् पुण्यात स्पर्धा परीक्षा, एक न्हाई दोन न्हाई, पाच वर्षं गेली त्यात. आमच्या बॅचचं बघा, एक बँकेत शेतीची कर्जं बघतो, एक बियाणं विकत दुकानं फिरतो, एकानं नर्सरी टाकली ती बरी चालली, दोघं खरोखर अधिकारी झाले, बाकी सगळे माझ्यासारखे, मिळंल ते. शेतकी शिकलेला माणूस बंदराच्या यार्डात लागतो हे कॉलेजात कुणी सांगितलंच नव्हतं.

लागतो की. जासईच्या बाजूला कंटेनरची यार्डं हायत ना, तिथनं माल परदेशी जातो, मालाखाली लाकडी पॅलेट असतात, त्या लाकडातली कीड तिकडच्या देशाला नको असते, म्हणून कंटेनर बंद करून आत विषारी गॅस सोडायचा, एक दिवस ठेवायचा, मग दारं उघडून वारं खाऊ द्यायचं, गॅसचा मीटर लावून बघायचं, आन् गॅस उतरला असा कागद सही करून द्यायचा. तो कागद झाल्याबिगर कुणी आत पाय ठेवायचा न्हाई. त्या सहीला आमच्यासारखा डिग्रीवालाच लागतो. वडील आजारी होते तवा कामोठ्याला माझ्याकडंच होते, विचारलं, तुझं काम काय रे नेमकं, मी म्हणलं किडी मारतो. म्हणाले, मग शेतकीचंच की.

आता खरं सांगतो. तीन यार्डं आन् सहीवाला मी एकटा. गाड्या बंदराच्या गेटला वेळेत लागल्या पाहिजेत म्हणून सुपरवायझर बोंबलतो. मग पद्धतच पडली, सकाळी चहासंगट कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून टाकायच्या, नंबर आन् वेळ सुपरवायझर नंतर भरणार. आमच्या धंद्यात सगळेच करायचे, मीपण केलं, वर्षानुवर्षं केलं, काय झालं न्हाई, आन् काय होत न्हाई म्हणूनच माणूस निर्ढावतो बघा.

पुंडलिकदादा म्हणून जासईचेच, आमच्याकडं हेल्पर, वयानं मोठे तरी मला साहेब म्हणायचे. गेल्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या यार्डात होतो, इकडं एका कंटेनरची दारं उघडून अर्धा तासपण झाला नसंल, आत एक खोकं कललेलं, सुपरवायझरनं माझ्या सहीचा कागद भरला, दादांना दाखवला, म्हणाला जा आत, दोरी आवळ. दादांनी माझी सही ओळखली आन् गेले. त्या गॅसला वास नसतो हो. पाव तास आत होते. घरी चालत गेले, जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात कप ठरंना, जीभ जड झाली, दुपारपर्यंत झटके सुरू.

जीव वाचला. वाचला म्हणायचं. हात अजून थरथरतात, घास तोंडापर्यंत जात न्हाई, बायको भरवती. ते काय बोलतात ते तिलाच कळतं.

चौकशीला सरकारी साहेब आले. मला विचारलं, मीटर लावला होता का. माझ्या डोळ्यापुढं लायसन आलं, फ्लॅट आला, बारावीतली पोरगी आली. मी म्हणलं, लावला होता. झालं. कागदावर गॅस उतरलेला, म्हणजे दादांचं दुखणं त्यांचं त्यांनी आणलेलं, पीत असंल म्हणाले. दादांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. मला ठाऊक होतं ते, तरी मी गप्प बसलो.

आन् पुढचं ऐका. त्यांची बायको हिराबाई भरपाईचा अर्ज करायला माझ्याच दारात आली. साहेब, तुमी शिकलेले, तुमीच लिवा, आमाला दुसरा कोन हाय. मी लिहिला. चारदा लिहिला, चांगल्या अक्षरात, दवाखान्याचे कागद जोडले, तिच्यासंगट ऑफिसं फिरलो. सगळं लिहिलं त्यात, मीटर लावला नव्हता ही एक ओळ तेवढी न्हाई लिहिली. अर्ज नामंजूर झाला. होणारच, माझी सही आडवी आली ना. लाज वाटती हो मला, बायकोलापण बोललो न्हाई, तुमाला म्हणून सांगतोय. आता प्रत्येक कंटेनरला स्वतः मीटर लावतो, सुपरवायझर शिव्या घालतो, घालू दे, पण दादांना त्याचा काय उपयोग.

पोरीनं यंदा शेतकीलाच फॉर्म भरला, आपल्या मनानं. मी नको म्हणलं न्हाई, कुठल्या तोंडानं म्हणू. यादीत तिचं नाव लागलं त्याच आठवड्यात हिराबाई घरी आल्या, पिशवीत सुकट आणली होती, म्हणाल्या अर्ज गेला तर गेला, तुमी केलं तेवढं सख्खा भाऊ करत नाय. मग पोरीला जवळ घेतलं, तिच्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, म्हणाल्या, शिक गो बाय, बापासारकी शिक, बापासारकी हो. पोरगी वाकून त्यांच्या पाया पडली. मी तिथंच उभा होतो.