चंद्रीच्या नावापुढचा शेरा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हे आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.

एकोणीसशे पन्नासच्या सुमाराला मी खाडीकाठच्या बाळकुमच्या शाळेत मास्तर होतो. मुलांची बुद्धी मोजायला मुंबईहून एक संशोधक आले. चौथीतल्या चंद्रीपुढे त्यांनी टेलिफोनचं चित्र धरलं. "यात काय काढायचं राहिलंय?" मिठागरावर राबणाऱ्याची पोर ती, तिने जन्मात टेलिफोन पाहिला नव्हता. गप्प राहिली. यांनी तिच्या नावापुढे शेरा मारला, 'मंदबुद्धी'.

अकरा वाजता ते होडीने खाडीपलीकडच्या शाळेत जायला निघाले. चंद्री म्हणाली, "आज षष्ठी. सहा पाऊण साडेचार. साडेचारला भरती. आता ओहोटी हाय, गेलास त चिखलान रुतशील."

मी म्हटलं, "साहेब, ऐका तिचं. तिथीची पाऊणपट करूनच इथे भरतीची वेळ काढतात."

ते हसले. "मास्तर, आत्ताच तिची बुद्धी मोजली ना मी?"

होडीपर्यंत पोचलेच नाहीत. मांडीपर्यंत रुतले आणि बोंबलायला लागले. मी आणि चंद्रीच्या बापाने धावत जाऊन त्यांना ओढून काढलं.

मी म्हटलं, "आता तरी तो शेरा खोडा."

पाय पुसत म्हणाले, "भरतीचा प्रश्न चाचणीत नव्हता."

आणि असल्या माणसाला मी हात धरून बाहेर काढलं होतं रे!