कल्याणचं विमान वरच आहे

छबूआत्या : न्हाई म्हंजे? रोज परक्यांची इमानं खाली उतरवतीस, अन् आज सख्खा भाऊ वर घिरट्या घालतोय तर म्हनं न्हाई!

सुकन्या : आत्या, मी आज ड्यूटीवर नाही. टॉवरमध्ये हर्षल बसलाय.

छबूआत्या : मंग लाव त्याला फोन. म्हनावं, माय अंगनात ठिवलीय. दिस कललाय. बुडाल्यावर अग्नी देता येत न्हाई आमच्यात.

सुकन्या : त्याला सगळं माहीत आहे. धुरकटलंय, धावपट्टी दिसत नाही. म्हणून विमानं वर थांबवलीत, एकावर एक, गोल फिरत. सगळ्यात खालचं आधी उतरतं. दादाचं सगळ्यात खाली आहे.

छबूआत्या : आगं, मंग हे आधी न्हाई का सांगायचं!

आसारामबुवा : छबे, नको तिच्या अंगावर जाऊ. रामजन्माच्या कीर्तनात मी काय करतो? पाळणा हलायचा तो ऐन माध्यान्हीला. वेळ उरतोय वाटलं की निरूपण लांबवतो, उशीर व्हायला लागला की एखादा दृष्टांत गाळतो. बसलेल्याला पत्ता लागत नाही. तसंच तुमचं असेल ना, बाळ?

सुकन्या : तसंच, बापू. लांबूनच सांगत राहतो, जरा दमानं या, जरा वळसा घेऊन या. म्हणजे इथं पोचेपर्यंत जागा मोकळी होते. पण तुमचं निरूपण लांबलं तरी चालतं. विमानातलं इंधन संपत जातं.

(सुकन्याचा फोन वाजतो.)

सुकन्या : बोल हर्षल... हं... कुणाला?... हो. बरोबर केलंस... नाही रे, माफी कसली. मी असते तरी हेच केलं असतं.

छबूआत्या : उतरला का गं?

सुकन्या : मधे जरा मोकळं झालं होतं. पण वरच्या विमानात एक लहान मुलगी अत्यवस्थ होती. आधी तिला उतरवलं.

छबूआत्या : अन् आपला कल्याण?

सुकन्या : पुन्हा दाटलं. इंधन थोडं राहिलं, म्हणून त्याला मुंबईला पाठवलं.

छबूआत्या : आगं, बोलायचं तरी, त्याची माय...

सुकन्या : काय बोलू, आत्या? ती मुलगी जिवंत आहे.

आसारामबुवा : खरं आहे. तुझी आई असती तर तिनंही म्हटलं असतं, त्या लेकराला आधी घ्या.

छबूआत्या : मुंबईवरनं यायचा म्हंजे रात लोटल. लेकाला तोंड दिसायचं न्हाई रं देवा.

सुकन्या : बापू... मी दादाला खरं सांगितलेलंच नाही. आई सारखं तुझं नाव घेतेय, लगेच नीघ, एवढंच बोलले.

आसारामबुवा : त्याला ठाऊक नाही?

सुकन्या : नाही. फोनवर सांगवलं नाही.

आसारामबुवा : पूस डोळे. मुंबईला उतरेपर्यंत त्याची आई आहे, बाळ. त्याची त्याच्याजवळ राहू दे. चला, आपण आपली उचलू.