यादीत नाव नाही फक्त

...आणि वर लोक मलाच विचारतात, "त्यात काही महत्त्वाचं होतं का?" आता काय सांगू यांना! तुम्हाला सांगतो, माणसानं चौऱ्याहत्तराव्या वर्षी काहीही करावं, चाललेल्या यंत्राला हात लावू नये. चाललं होतं हो छान! तेरा वर्षांचा कॉम्प्युटर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, टोस्टरच्या शेजारी. सकाळी बटण दाबलं की काळ्या पडद्यावर तीन नावं यायची, आर्डिस, वेंडेल, कॅरिन. म्हणजे बायको, मी आणि मुलगी. एकाच डब्यात तीन बिऱ्हाडं! आर्डिसचं विंडोज, माझं लिनक्स, ती फुकटात मिळणारी दुसरी प्रणाली, आणि कॅरिन शाळेत असतानाचं काहीतरी जुनंपानं, ते कुणी पुसलंच नाही. बाण खाली-वर करायचा, आपल्या नावावर एंटर मारायचा, की गेलो आपापल्या घरात.

आता यात एक भानगड होती. दहा सेकंदांत तुम्ही काही दाबलं नाही, तर वरचं पहिलं नाव आपोआप उघडायचं. आणि पहिलं नाव कुणाचं? आर्डिसचं! कॉम्प्युटर आणला मी, तीन वाटे पाडले मी, रात्रंदिवस डोकेफोड केली मी, आणि पहिला नंबर हिचा. बारा वर्षं भांडलो त्यावरून. ही काय म्हणायची माहितीये? एक भुवई वर करून, गळाला आमिष लावतात तसा आवाज गोड लावून, "वेंडेल, रोज एकदा बाण दाबावा लागतो तुला, बोट झिजलं का रे तुझं?" झालं. विषय बंद.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती गेली.

त्या दिवशी सकाळी पत्ते खेळत होती कॉम्प्युटरवर, एकटीचा तो डाव असतो ना, सॉलिटेअर. एका बैठकीत डाव संपवेल तर आर्डिस कसली! अर्धा खेळायची, मग आपल्या विंडोजला गाढ झोपवायची, म्हणजे डाव आहे तसाच राहतो, पुन्हा उघडलं की त्याच पत्त्यावर. छातीत काहीतरी होतंय म्हणाली, कोट चढवला, आणि दारातून मला काय सांगितलं? औषधाचं नाही, विम्याचं नाही. "माझ्या डावाला हात लावू नकोस, आल्यावर संपवते."

आली नाही. मीही हात लावला नाही. चौदा महिने! उघडून बघितलंसुद्धा नाही, कारण एकदा उघडलं की डाव जागा होणार, आणि मग तो कुणीतरी संपवायला नको का? आणि मला पत्ते येत नाहीत. मी आपलं सकाळी बटण दाबायचं, तिचं नाव वर दिसायचं, एकदा बाण खाली, एंटर, आणि चालू माझा दिवस. तेवढंच माझं होतं. त्यालासुद्धा माझीच नजर लागली बघा.

कारण काय तर आमच्या डुलुथ गावची रीत! आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. कॉफी असो, केक असो, जुनी होडी असो. पहिल्यांदाच हो म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदाही नको म्हणणारा माजलेला. तर त्या कॉम्प्युटरनं विचारलं, लिनक्सची नवी आवृत्ती आलीय, घेणार का? म्हटलं, नको. आठवड्यानं पुन्हा विचारलं. म्हटलं, नको हो, आहे ते बरं आहे. आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर... हात आपसूक गेला हो! यंत्राशी कसला शिष्टाचार? पण अंगवळणी पडलेलं, काय करणार. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

तासाभरानं बटण दाबलं. तर यादी नाही! एक नाव कमी असतं तर समजलो असतो, इथं यादीच गायब, थेट माझं लिनक्स समोर. नंतर कळलं, यंत्राला एकच बिऱ्हाड दिसलं की ते विचारतच नाही. बरोबर आहे त्याचं. घरात एकच माणूस म्हटल्यावर विचारायचं कुणाला?

मी कपाळाला हात लावून बसलो. टोस्ट जळला. मग ऑर्व्हिलला फोन केला. ऑर्व्हिल म्हणजे माझा जुना मित्र, बंदरावर चाळीस वर्षं क्रेन चालवली, आता आमचा लिनक्सचा क्लब चालवतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, आणि डॉक्टर सांगतात तसं सांगितलं, "घाबरू नकोस. सगळं आहे जागच्या जागी. यादीत नाव नाही फक्त."

म्हटलं, वा! चौदा महिने लोक मला हेच सांगतायत. पाद्री सांगतो, शेजारीण सांगते, ती आहेच रे तुझ्यात, अमुक तमुक. सगळं आहे जागच्या जागी! हिचा कोट खुंटीला, हिचा चष्मा खिडकीत, हिच्या काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांनी फडताळ भरलेलं. यादीत नाव नाही फक्त.

मग कॅरिनचा फोन आला, ॲरिझोनाहून. तिथं ऊन आहे म्हणून ती तिथं राहते, आणि ऊन आहे हे मला दर रविवारी सांगते. तिला सांगितलं तर लगेच, "बाबा, किती दिवस ते खोकं सांभाळणार? मी नवीन पाठवते." म्हटलं, अगं, तुझंही नाव गेलं त्यातून. तर हळूच म्हणाली, "आईचा डाव होता ना त्यात?" मी हो म्हटलं. पुढं दोघंही हवामानावर बोललो. बोललो म्हणजे ती म्हणाली ऊन आहे, आणि मी म्हणालो इथं नाही.

शनिवारी निघालो खोकं काखोटीला मारून. आमचा क्लब भरतो ल्यूथरन चर्चच्या तळघरात, प्रत्येकानं खायला काहीतरी घरून करून आणायचं, मी आर्डिसच्या बरण्यांतली एक उघडून नेली. आणि तुम्हाला सांगतो, लिनक्सवाल्यांकडे मदत मागणं म्हणजे पंथवाल्यांच्या मेळाव्यात देवळाचा रस्ता विचारणं! पहिला म्हणतो, तुझं लिनक्स काढ, माझ्या प्रकारचं टाक. दुसरा म्हणतो, त्याचं टाकशील तर पस्तावशील, माझं टाक. तिसरा नुसताच मान हलवतो, माझ्याकडे बघून, काकडी खात. अरे, माझ्या यादीतलं नाव हरवलंय, धर्म नाही! शेवटी डॅरल नावाचा एक उत्साही गृहस्थ पुढं सरसावला, "एवढंच ना? इकडूनच तिचा कप्पा जबरदस्तीनं उघडतो, फायली काढून देतो, कशाला पाहिजे यादी?" आणि बोटं कीबोर्डवर!

"हात काढ."

असं कोण बोललं? मायर्ना. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं होत्या त्या, आवाज कधी चढला नाही, चढवायची गरजच पडली नाही. त्यांनी डॅरलला समजावलं, की आर्डिसचं विंडोज झोपलंय, बाहेरून जबरदस्ती केलीस तर झोपेत जपलेलं सगळं पुसलं जाईल. फायली राहतील, डाव जाईल. डॅरलनं हात काढला. मी खुर्चीवर बसलो. एका एंटरचं अंतर होतं हो, एका एंटरचं!

मग मायर्नांनी सांगितलं झालं काय ते. म्हणे नव्या आवृत्तीत सुरक्षेसाठी शेजारी कोण राहतं ते बघणं बंद केलंय. बंद! आमच्या गल्लीत असं कुणी केलं तर त्याला आजारी समजून सूप नेऊन देतात. बंद केलं एका ओळीनं, आणि उघडायचं तेही एका ओळीनं. त्यांनी ती ओळ बदलली, यंत्राला म्हणाल्या, जा, घरोघर बघून ये. पडद्यावर अक्षरं सरकायला लागली. लिनक्स, सापडलं. ते मीच. मग थांबलं. सगळं तळघर थांबलं, काकडीवाला चावायचा थांबला. मग कॅरिनचं सापडलं. मग परत थांबलं. मी मनात म्हणतोय, सगळं आहे जागच्या जागी, सगळं आहे जागच्या जागी... आणि आलं. सापडलं.

पण नाव काय दिलं त्यानं? विंडोज, अमुक डिस्क, अमुक वाटा, तुरुंगातल्या कैद्यासारखा आकडा! मी म्हटलं, हे नाही. मायर्नांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला, आणि मी एका बोटानं टाइप केलं, आर्डिस. इंग्रजीत पाच अक्षरं असतील, पाच मिनिटं लागली. माझ्या चष्म्यात काहीतरी गेलं होतं. आमच्याकडे अशा वेळी सगळे उठून कॉफी ओततात.

मग मायर्ना म्हणाल्या, "आता पहिलं कोण ठेवू? म्हणजे काही दाबलं नाही तर दहा सेकंदांनी कोण उघडेल?"

बारा वर्षं, तुम्हाला सांगतो, बारा वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होतो! आता नाही म्हणायला समोर कुणी नव्हतं. ऑर्व्हिल म्हणाला, "वेंडेल, तुझं टाक की आता. तिचं चुकून उघडलं तर डाव जागा होईल." अगदी बरोबर बोलला. शहाण्या माणसानं तेच करावं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आर्डिसचं."

झालं! तेव्हापासून पुन्हा तेच, सकाळी बटण दाबलं की टेबलापासून हलायची सोय नाही. टोस्ट जळो, दारावर टपालवाला उभा राहो, दहा सेकंदांत बाण दाबलाच पाहिजे. पहिली नऊ सेकंदं मी नुसता बघत बसतो. आणि दहाव्याला खाली बाण दाबताना रोज म्हणतो तिला, "झिजलं गं बाई, झिजलं बोट."