विहिणींची फुगडी आणि इरकली लुगडं

मंडळी, ऐका. आज कीर्तनात एकच प्रश्न. लग्नाला जाताना काय नेसावं? लोकांनी बघावं असं, की आपल्याला नाचता यावं असं? हसू नका! मागच्या ताईंनी लगेच पदर सारखा केला. मिळालं मला उत्तर.

तर एक होत्या भामाबाई. त्यांच्या शालनचं लग्न ठरलं. आता रीत तुम्हाला ठाऊक आहे. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, की दोघी विहिणी मांडवात फुगडी घालतात. जी आधी पडली, ती हरली. आणि मुलाची आई इंदुमतीबाई म्हणजे फुगडीत पटाईत! गावोगावच्या विहिणी हरवलेल्या. भामाबाई हरल्या असत्या, तर शालनला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं.

शालननं आईसाठी साडी आणली. जाळीची, खड्यांची, झगझगीत. भामाबाईंनी ती नेसून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. खडे दंडाला ओरबाडतात, घाम आत कोंडतो, कापड पायात येतं. त्यांनी ती घडी करून ठेवली आणि ट्रंकेतून काढलं सुती इरकली लुगडं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण वीण कशी? बैलानं ओढलं तरी उसवायची नाही.

शालन रडकुंडीला आली. "आई, लग्नात सुती? हसतील गं सगळे."

"हसू देत. मला फुगडी घालायचीय, दुकानाच्या काचेत उभं राहायचं नाही."

आणि हसले हो! इंदुमतीबाई तर जरीच्या कडक नव्या साडीत, जागोजागी पिना. म्हणाल्या, "विहीणबाई, घाईत घरचंच नेसून आलात वाटतं?" शालननं मान खाली घातली. लाज वाटली पोरीला, आईची!

भामाबाईंनी कासोटा घट्ट केला. पायाला पाय भिडले, हातांची अढी पडली, आणि सुरू झाली फुगडी. मांडव फिरतोय की विहिणी, कळेना. वेग वाढला आणि — टर्रकन आवाज आला! सगळ्यांनी बघितलं भामाबाईंकडे. अहो, फाटली होती जरीची! इंदुमतीबाईंचा पाय निऱ्यांत अडकला, तोल गेला, घामानं बोटं सुटायला लागली. आता नुसता हात सैल सोडायचा, की विहीण सगळ्या वऱ्हाडासमोर जमिनीवर!

भामाबाईंनी काय केलं? मनगटं पकडली. टाचा रोवल्या, अंगाचा सगळा भार मागे टाकला, आणि फिरता फिरता विहिणीला उभं केलं. इरकलीचा एक धागा तुटला नाही. मग आपल्या खांद्यावरचा शेला काढून विहिणीच्या फाटक्या साडीवर गुंडाळला.

इंदुमतीबाई धापा टाकत म्हणाल्या, "सोडला असता हात, तर जिंकल्या असतात तुम्ही."

"लेकीचा हात तुमच्या हातात दिलाय आज. तुमचा कसा सोडू?"

शालन उठली, आत गेली. बाहेर आली ती मामानं दिलेलं पिवळं सुती लुगडं नेसून. भर मांडवात आईसमोर उभी राहिली, मान वर करून. "आई, आता माझ्याशी." आणि सासूकडे वळून म्हणाली, "ही माझी आई." सगळ्यांना दिसत होती ती केव्हाची. पण पोरीला सांगायचं होतं!

आता तुमच्याकडे येतो. पहिल्या रांगेतले पाहुणे मघापासून उभेच आहेत. का? इस्त्री मोडेल! अहो, ज्याचा हात आपलाच पदर सावरण्यात गुंतला, तो पडणाऱ्याचं मनगट कसा धरणार? देवाच्या दारी तरी असं नेसून या, की वाकता येईल, नाचता येईल, शेजारच्याला सावरता येईल.

बघा बरं, तुमचे हात आहेत का मोकळे? असतील तर धरा शेजारच्याचा हात, घट्ट. आणि आता घ्या देवाचं नाव!