ड्रायव्हरसाठी पपनस

दवाखान्यात भेटीची वेळ व्हायला अवकाश होता. बाकावर माझ्या शेजारी दोन गृहस्थ बोलत होते.

“मांडीवर कलिंगड आहे की काय?”

“पपनस. आमच्या परसातलं पहिलं फळ.”

“घरचं कोणी आहे इथे?”

“नाही हो, माझ्या रोजच्या बसचे ड्रायव्हर आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पाच वर्षांपूर्वी आमची ही फार आजारी होती. पाणीसुद्धा कडू लागायचं. एकच धोशा, पपनस हवं. मी सगळा बाजार पालथा घातला. बसमध्ये सहज त्यांच्याजवळ बोललो.”

“मग?”

“आठवड्याने दारात हजर! पिशवीत दोन फळं आणि हातात कलम. म्हणाले, फळं संपतील, हे लावा.”

“जगलं म्हणायचं!”

“तिनेच जगवलं. पानांवर अळ्या पडल्या, त्या वेचायला म्हणून अंथरुणातून उठली. पहिल्या दिवशी भिंतीला धरून दारापर्यंत. मग रोज थोडं पुढे.”

“आणि आता कशा आहेत वहिनी?”

“जिन्याने येतेय, चार मजले. मला दम लागतो, म्हणून मी आपला लिफ्टने आलो.”